कपाळावरच्या रेघेचा भाव

“तुमाले कुठं लागलं?” शेजारी येऊन बसलेल्या माणसानं विचारलं.

“कपाळाले.”

“काय पडलं?”

“तीस वर्षं.”

तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा बैलाच्या खुराखाली आला होता, आणि पाटीवरचा ‘डॉक्टर’ एवढाच शब्द वाचून तो लंगडत आत शिरला होता. उरलेली पाटी मी त्याला वाचून दाखवली — सुईनं सुरकुत्या जातील, तीन सुयांचे पंच्याहत्तर रुपये.

ही गोष्ट चौसष्ट सालच्या हिवाळ्यातली. चिखलीचा बाजाराचा दिवस होता आणि बाहेरगावचा तो डॉक्टर धर्मशाळेत उतरला होता. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. रविवारी दुसरबीडचे लोक मला पाहायला येणार होते. आधीची दोन स्थळं ‘मुलगी थोराड दिसते’ म्हणून परत गेली होती, आणि सगळा दोष माझ्या भुवयांमधल्या एका उभ्या रेघेचा, असं वहिनीचं मत होतं. शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे रुमालात बांधून मी आले होते. लग्न एकदाचं जुळावं, एवढंच मला हवं होतं. माणूस कसा असावा, हा विचार मी केव्हाच सोडून दिला होता.

“भाव कोणं केला हा?” त्यानं विचारलं. नाव रंगराव, गाव उंद्री, बैलबाजारात दलाल.

“डॉक्टरनं.”

“अन् तुम्ही कबूल केला? वांगे तरी असे घेता काय?”

मला राग आला. “मंग तुम्हीच करा सौदा. दलाली देईन.”

आत गेल्यावर रंगरावनं सुईकडे पाहिलंही नाही. “किती दिवस टिकते?” त्यानं डॉक्टरला विचारलं.

“चार महिने.”

“म्हंजे वर्साचे सव्वादोनशे झाले. तेवढ्यात एक गोऱ्हा येते, अन् तो दहा वर्सं औताले चालते. बरं, मांगच्या बाजारी कोणाले टोचलं, ते दाखवा.”

“अशी गोष्ट कोण कबूल करतं, साहेब? चला, पन्नास द्या.”

रंगराव गप्प बसला. डॉक्टर चाळीसवर आला, मग तीसवर... आकडा पंधरापर्यंत उतरला तेव्हा रंगराव माझ्याकडे वळला.

“बाई, मी भाव न सांगता पंच्याहत्तरचा माल पंधरावर आला. हा पंधराचाबी नाही. पण कपाळ तुमचं आहे... घ्याचं असन तर घ्या.”

मी डॉक्टरच्या कपाळाकडे पाहिलं. तिथं चांगल्या पाच रेघा होत्या.

“तुमच्याकडे तर औषध फुकटच आहे,” मी म्हणाले. डॉक्टरनं सुयांची डबी मिटली.

बाहेर आल्यावर मात्र मी रडकुंडीला आले. “आता रविवारी काय करू?”

“बैल तरणा दिसावा म्हून लोक शिंगं घासून आणतात, तेल लावतात,” तो म्हणाला. “मी शिंगं पाह्यतच नाही.”

“म्हंजे मी बैल काय?”

“नाही हो —” तो गडबडला. “तुमची ती रेघ... सुईत दोरा ओवू ओवू पडली असन. कामाची रेघ आहे ते. तिनं भाव चढते, उतरत नाही.”

मला फार बरं वाटलं. इतकं, की मी उगाच खोकले आणि त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहत राहिले. त्याला मधोमध भोक पडलं होतं.

“हे काऊन फाटलं?”

“सौदे करू करू. दुपट्ट्याखाली एकमेकाचा हात धराचा, बोटांनं भाव सांगाचा. नाही पटला, तर हात काढून घ्याचा.”

“अन् पटला तर?”

तो दुसरीकडेच पाहू लागला. “तर... नाही काढाचा.”

दलालीऐवजी मी दुपट्टा रफू करायला ठेवून घेतला.

रविवारी दुसरबीडचे लोक आले. मुलाच्या आईनं माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे फिरवलं. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. “पोरीसंगं मशीनबी देसान ना?” तिनं माझ्या दादाला विचारलं. मी हनुवटी सोडवून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “दादा, मले हे पटत नाही.”

नंतर घरात माझ्याशी कोणी धड बोलेना. मी खिडकीत बसून दुपट्टा रफू केला, टाका शोधूनही सापडू नये इतका बारीक. ते करताना रेघ नक्कीच आणखी खोल गेली असेल, पण मी आरशात पाहिलं नाही.

पुढच्या बाजारी मी थेट बैलांमध्ये गेले. रंगराव एका बैलाचे दात पाहत होता. मी दुपट्टा उलगडला, आमच्या दोघांच्या मध्ये धरला आणि त्याखालून त्याचा हात धरला. कासरे ओढून तळवा खरखरीत झाला होता. आजूबाजूचे शेतकरी सौदा पाहायला थांबले.

“कितीचा सौदा आहे, बाई?” त्यानं हळूच विचारलं.

“आकडा मले सांगता येत नाही. तुम्ही मले आवडता... तेवढं माहीत आहे.”

तो लाजून कानापर्यंत लाल झाला.

“सोडा आता... लोक पाहून राह्यले.”

“काऊन, पटला नाही?”

“पटला,” तो म्हणाला. “म्हून तर माझ्यानं हात निघून नाही राह्यला.”