सातवा पियाला

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर पोटात घाला. गोष्ट तिलेकची आहे.

ओश शहरात म्हातारी माणसं किती वाढली, हे दरवर्षी दारोदार जाऊन लिहायचं, हे तिलेकचं आणि मेलिसचं काम. ज्याच्या वहीत जास्त म्हातारी सापडतील त्याला कायमची नोकरी, असं साहेबांनी सांगितलं होतं. मेलिस सहा नावांनी पुढे होता. जाता-येता विचारायचा, "काय रे, तुझ्या गल्लीतले म्हातारे तुला बघून लपतात का?" तिलेक कसनुसा हसायचा. आतून मात्र जळायचा.

शेवटच्या शुक्रवारी, तिन्हीसांजेला, तो साइराकान आपांच्या घरी गेला. आपा एकट्याच राहायच्या. घरभर तळणाचा वास कोंदला होता. शुक्रवारी मेलेल्यांसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळतात. वासानेच त्यांचं पोट भरतं. दारासमोरच्या मानाच्या जागी चहाचे सात पियाले मांडले होते.

"गेल्या वर्षी मेलिसने मला एकटीलाच मोजलं," आपा हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून ही माझी गेलेली माणसं रुसलीत. चहाला शिवत नाहीत."

मेलेली माणसं मोजायची नसतात, हे तिलेकला कळत होतं. तरी त्याने वही उघडली. आपांच्या नावाखाली त्यांनी सांगितलेली सहा नावं वयांसकट उतरवली. खोलीत कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज झाला... मग आणखी एक. सहा पियाल्यांतला चहा खाली गेला होता. सातवा काठोकाठ तसाच.

"आपा... हा कुणाचा?"

"तुझ्या मनात कुणाचं नाव आहे, बाळा?"

तो वही मिटून निघाला. पण वाटभर त्याच्या मनात एकच नाव घोळत होतं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून त्याने पट्टी घेतली आणि ती सहा नावं खोडायला वही उघडली. मोजलेल्या माणसाने नावापुढे अंगठा उठवायचा असतो. त्या सहाही नावांपुढे तेलकट अंगठे उठले होते. त्यांच्या खालच्या ओळीत, तिलेकच्याच अक्षरात, लिहिलं होतं : मेलिस, वय चोवीस. त्या नावापुढचा अंगठा अजून ओला होता.

तिलेक तसाच अनवाणी कचेरीकडे धावला. मेलिसच्या टेबलावर आपांच्या घरचा तो सातवा पियाला होता, रिकामा. मेलिस अजून आला नव्हता.