कॅरिगच्या वळणावरची बेल

दार लावून घ्या रे पोरांनो, गार वारा येतोय. हे फिंटन मुल्काहीनं मला देवाशपथ सांगितलंय, आणि फिंटन फेकणाऱ्यातला नव्हे.

गेल्या साली, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आदल्या रात्री, मिरवणुकीसाठी ती जुनी हिरवी डबल-डेकर केल्टीच्या शेतावरून गावात आणायची होती. काय काय नोकऱ्या केल्या त्या बसनं! आधी डब्लिनला, मग आपल्याच रस्त्यावर, मग फिरतं वाचनालय, शेवटी केल्टीच्या कोंबड्यांचं खुराडं. फिंटन नको नको म्हणत होता. पण ती चालवणार कोण? तुम्ही?

नको म्हणायला कारण होतं. तरुणपणी तो हीच बस चालवायचा आणि डिनी रॅफर्टी कंडक्टर. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. पुढं कोंडून बसलेल्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, सगळा भरवसा बेलवर. एका संध्याकाळी, कॅरिगच्या वळणावरच्या थांब्यावर, फिंटनला घरी जायची घाई. बेलची वाट न बघता त्यानं गाडी सोडली. डिनी मागच्या उघड्या पायरीवरून एका म्हातारीला उतरवत होता. पडला, तो उठलाच नाही. चौकशीत फिंटन म्हणाला, "बेल त्यानंच दिली." मेलेला माणूस काय बोलणार?

तर त्या रात्री तेच कॅरिगचं वळण आलं.

टण्.

एकच. फिंटनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून पाहिलं. खाली कोणी नाही. वर कोणी नाही. परत येऊन गिअर टाकला.

टण्.

"डिनी...?"

फिंटननं डोक्यावरची टोपी काढली.

"मी खोटं बोललो रे. तू बेल दिलीच नव्हतीस..."

टण्. पुन्हा एकच.

एकट्यात कबूल करून भागणार नाही, हे तेव्हा फिंटनला कळलं. इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला, आणि शेतं तुडवत तो डिनीच्या मुलीच्या, ऊनाच्या दारात उभा राहिला. तिनं आत घेतलं, तसं त्यानं सगळं ओकून टाकलं.

ऊना म्हणाली, "शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाला साधी बेल देता येत नव्हती. मीही तेच खरं धरलं, फिंटनकाका. त्यांच्या थडग्यावर जाऊन मी त्यांनाच रागावत होते."

माफ कर म्हणायची फिंटनची छाती झाली नाही.

"उद्या सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगतो."

त्याला सोडायला तिनं दार उघडलं.

वळणावर बंद करून सोडलेली बस तिच्या गेटपाशी उभी होती. इंजिन सुरू. ड्रायव्हरची जागा रिकामी.