खाणीतला जबडा

पहिला भोंगा झाला, तेव्हा भिंगरी आणि ढापण्या दगडखाणीच्या तळाशी उभे होते.

"सुरुंग बाराला उडवणार होते ना?" भिंगरीने विचारलं.

ढापण्याने घड्याळ नाकाजवळ नेलं. "आत्ता कुठे साडेअकरा होतायत. मुकादमाला घाई झालेली दिसते."

दोघं मावसभावंडं. ढापण्याची आई, म्हणजे भिंगरीची मावशी, संग्रहालयाच्या कार्यशाळेत काम करायची. दगडात अडकलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडं ती सुईने कोरून मोकळी करायची. संग्रहालयाच्या भिंतीवर एका समुद्री सरड्याचं भलंमोठं चित्र होतं. वल्ह्यांसारखे पाय, बगळ्यासारखी मान आणि तोंडभर सुळे. त्या चित्रापुढून जाताना भिंगरी अजूनही मावशीचा हात धरायची. खरं तर त्या प्राण्याचं डोकं कधी कुणाला सापडलंच नव्हतं. चित्रातलं डोकं निव्वळ अंदाजाने काढलेलं होतं.

आदल्या दिवशी खाणीबाहेरच्या ढिगात भिंगरीला एक दगड मिळाला. त्यावर कंगव्यासारखी बारीक दातांची रांग होती, आणि दगड नुकताच फुटलेला होता. मावशी परगावी गेली होती, म्हणून त्यांनी तो मुकादमाला दाखवला.

"खडी आहे ती. पळा इथून," मुकादम म्हणाला. त्याच्या डोक्यावरच पाटी लटकत होती : हाडे सापडल्यास काम थांबवून संग्रहालयाला कळवावे.

दगड ज्या कड्यातून फुटला होता, तो कडा आज बाराला उडणार होता आणि मावशी दुपारी परतणार होती. म्हणून आज सकाळी उरलेली हाडं शोधायला दोघं खाणीत शिरले. फाटकाजवळच्या फळ्यावर खिळ्यांना पितळी बिल्ले टांगलेले असत. आत जाताना प्रत्येकाने एक घ्यायचा आणि बाहेर पडताना परत लावायचा. ढापण्याने दोन बिल्ले काढून घेतले होते.

"चोरासारखे घुसतोय आणि वर हजेरी लावतोस?" भिंगरी तेव्हा हसली होती.

"नियम म्हणजे नियम," ढापण्या म्हणाला होता.

आता ती हसत नव्हती. समोरच्या कड्यात अख्खी कवटी दिसत होती, रुंद आणि चपटी. तिच्यापासून हातभर अंतरावर सुरुंगाची भोकं होती आणि त्यांतून तारा लोंबत होत्या.

"पळ," ती म्हणाली.

ते आले होते त्या पायवाटेवर ढापण्याने पाय टाकला मात्र, खडीचा लोट घसरला आणि वाट दिसेनाशी झाली. तो गडगडत खाली आला. चष्मा कुठेतरी उडाला.

"मला काही दिसत नाहीये, भिंगरे."

"माझा हात धर. सोडू नकोस."

गाड्यांचा रस्ता खाणीच्या दुसऱ्या टोकाला होता. ते अर्ध्यावर पोचले, तोच दुसरा भोंगा झाला. तिसऱ्याला सुरुंग उडणार, हे दोघांनाही माहीत होतं. भिंगरीने ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. शेजारी खोदायच्या यंत्राची एक भलीमोठी लोखंडी बादली उपडी पडली होती. तिच्यामागे त्यांनी अंग चोरून घेतलं.

"डोकं खाली घाल," ती कशीबशी पुटपुटली. तिचे दात कडकड वाजत होते. ढापण्या आकडे मोजत होता, आणि चाळिसानंतर पुन्हा एकापासून सुरुवात करत होता.

तिसरा भोंगा झालाच नाही.

त्याऐवजी पावलं वाजली. सुरुंगवाले काका धापा टाकत खाली येत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोन खिळे रिकामे होते," ते म्हणाले. "मुकादम म्हणत होता, कुणी तरी विसरलं असेल, उडवून टाका. मी सुरुंगाची किल्लीच काढून खिशात घातली." ते मटकन खाली बसले.

मागोमाग मुकादम आला. "कार्टी! चला, बिल्ले लावा आणि घरी जा. गाड्या खोळंबल्यात."

"काका," भिंगरीने सुरुंगवाल्यांना विचारलं, "फळ्यावर सगळे बिल्ले लागल्याशिवाय तुम्ही किल्ली फिरवणार नाही?"

"मेलो तरी नाही."

भिंगरीने ढापण्याचाही बिल्ला घेतला आणि दोन्ही बिल्ले मुठीत आवळले. "मग मावशी येऊन ती कवटी बघेपर्यंत मी हे देणार नाही."

मुकादमाने तिच्या मुठीकडे हात नेला. सुरुंगवाले काका उठून मध्ये उभे राहिले.

दीड वाजता मावशी आली. आधी तिने दोघांचे कान धरले, मग दोघांना इतकं घट्ट धरलं की ढापण्या गुदमरला. त्यानंतर तिने कड्याकडे पाहिलं आणि तिथूनच संग्रहालयाला फोन लावला. मुकादमाला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. सुरुंगवाल्या काकांनी एकेक तार हाताने सोडवली.

सुट्टी संपता संपता कवटी कार्यशाळेच्या टेबलावर आली. संग्रहालयाच्या प्रमुखांनी भिंगातून तिचे दात पाहिले.

"हा शिकारी नव्हताच," ते म्हणाले. "चपट्या तोंडाने खडकावरचं शेवाळ खरवडायचा आणि कंगव्यासारख्या दातांतून गाळून खायचा. पन्नास वर्षं आम्ही गरीब प्राण्याला राक्षस समजत होतो." मग ते भिंगरीकडे वळले. "शाबास. मोठी माणसं डगमगली असती तिथे तू बिल्ले सोडले नाहीस. भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर मूठ उघडत नव्हती."