गिळलेला घोट

दुपारच्या निवांत वेळी रेस्तराँच्या मागच्या दारात तो दोन बाटल्या काखोटीला मारून उभा होता, आणि तिने वर न पाहताच सांगून टाकलं, "भाजी तिकडे, स्वयंपाकघरात."

"भाजी नाही... वाईन आहे," तो म्हणाला. "आमच्या घरच्या द्राक्षबागेतली."

रेस्तराँसाठी वाईन चाखून निवडणं हे तिचं काम. आठ वर्षांत कामावर तिने एक घोटही गिळला नव्हता. तोंडात घोळवायचा, स्टीलच्या भांड्यात थुंकायचा आणि वहीत एक ओळ शेरा लिहून ते पान विक्रेत्याला द्यायचं. त्या ओळीला भलेभले विक्रेते टरकून असत. आचारी तिला तोंडावर ताई म्हणायचा आणि माघारी कडूताई.

"तुम्ही नाही म्हणालात तर बाबा वेली उपटणार आहेत," ग्लास भरता भरता तो म्हणाला. आवाज साधाच होता. नखांत माती, बोटांवर जांभळे डाग... आणि डोळे मात्र थेट तिच्याकडे. तिने उगाचच वहीत पाहिलं आणि नाक मुरडत घोट घेतला.

आधी जराशी आंबट, मग मऊ, मग कितीतरी वेळ जिभेवरून हलेचना. आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसासारखी होती ती वाईन. थुंकायला ती भांड्यावर वाकली आणि... घोट सरळ खाली उतरून गेला.

आचाऱ्याच्या हातातला डाव खणकन पडला. "ताई, तुम्ही गिळलीत?"

तिलाच विश्वास बसेना. "किंमत?" तिने कसंबसं विचारलं. त्याने सांगितली, तशी तिने पुन्हा एकदा विचारून खात्री केली.

"अहो, आम्ही रश्श्यात ओततो ती याहून महाग पडते," आचारी म्हणाला.

"बाबा द्राक्षं खुडतात, आई पिंपं सांभाळते, मी बाटल्या भरतो," तो म्हणाला. "पगार कुणालाच नाही."

"खरं सांगा," तिने दरडावलं, "ही कुणाची वाईन भरून आणलीत?"

त्याचा चेहरा पडला. त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. अक्षर तिचंच होतं. 'घाईची वाईन. आधी थांबायला शिका.'

"मागच्या वर्षी बाबांनी नमुना पाठवला होता, त्यावरचा हा तुमचा शेरा. ही तीच वाईन... त्याच पिंपातली. तुम्ही थांबा म्हणालात, आम्ही थांबलो. वर्षभर एक बाटली विकली नाही."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. दोन फोनांच्या मध्ये अर्ध्या मिनिटात खरडलेली ती ओळ तिला आठवतही नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि तिकडे एका घराने आपलं अख्खं वर्ष त्या ओळीच्या भरवशावर टाकलं होतं. तिला भयंकर लाज वाटली.

"एका अनोळखी बाईवर एवढा विश्वास?"

"अनोळखी कुठे? कागद पिंपांच्या खोलीत भिंतीला लावला होता. रोज त्याच्याशी भांडायचो. नंतर नंतर भांडण राहिलं नाही... नुसतं बोलायचो." तो कानापर्यंत लाल झाला. "आई म्हणाली, भिंतीशी किती बोलशील, एकदा तिच्याशीच बोलून ये."

तिच्या छातीत काहीतरी धडधडलं, आणि ते वाईनमुळे नव्हतं हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने वही ओढली, भराभरा लिहिलं आणि पान फाडून त्याला दिलं. 'आहेत तेवढ्या बाटल्या पाठवा. वेलींना हात लावू नका.'

त्याने ते दोनदा वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. तरी पाय निघेना.

"अजून काही?" तिने विचारलं.

"होतं... पण तुम्ही पुन्हा म्हणाल, थांबायला शिका."

तिने थुंकायचं भांडं उचलून आचाऱ्याच्या हातात दिलं आणि दुसरा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"वर्षभर थांबलात ना?" ती म्हणाली. "विचारा आता."