पांढरे कल्ले

देवमाशाचं पोट फाडलं की खाडी लाल होते. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर मी कित्येक हंगाम काढले, आणि तिथं लाल नसलेलं फारसं काही आठवत नाही. बूट लाल, धक्क्यावरचा बर्फ लाल, पावावर आमच्याच बोटांचे ठसे लाल. लांब दांड्याच्या सुरीनं चरबीचे पट्टे सोलायचे, हे माझं काम. माझ्या धाकट्या बहिणीचा, रान्दीचा, नवरा हाल्वर दोरानं मासा वर ओढायच्या यंत्रावर, विंचवर होता.

लाल नसलेला एक मासा मात्र त्या खाडीत होता. मोठ्या डोक्याचा, जवळजवळ आरपार दिसणारा, कल्ले दह्यासारखे पांढरे. कापला की नुसतं पाणी निघायचं. आम्ही तो तळून आवडीनं खायचो. घरी, नॉर्वेत, कुणाला सांगितलं तर लोक दारू कमी करा म्हणायचे.

हाल्वरचा तो पहिलाच हंगाम. निघताना आमच्या गावच्या, सांडेफ्योर्डच्या धक्क्यावर रान्दीनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्याला माझ्याकडे परत आणायचं. कसंही करून." मी हो म्हटलं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी तो अडकलेला दोर सोडवायला खाली उतरला आणि देवमासा व धक्का यांच्या फटीतून पाण्यात पडला. विंच थांबवा म्हणून मी ओरडलो. व्यवस्थापक फोगनर वर उभा होता. त्यानं हातानं खूण केली, चालू ठेवा. मासा अर्ध्यावर सोडला तर घसरतो, दोर तुटतात, दिवस वाया जातो. अख्खा देवमासा वर येईपर्यंत हाल्वर खाली होता.

लांब आकड्यानं त्याला वर काढला तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. आणि त्यानं श्वास घेतला. शांतपणे, झोपेतून उठल्यासारखा.

"उगाच बोंबलत होतास," फोगनर मला म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी हाल्वरला कामावर लावलं.

मग एकेक दिसू लागलं. आधी ओठांचा रंग गेला, मग हिरड्यांचा. बराकीत शेगडीपाशी बसला की हाल्वरला धाप लागायची. बाहेर बर्फात कोट काढून बसला की गुणगुणायचा. रान्दीनं नवरा केला की बर्फाचा बाहुला, अशी सगळे त्याची चेष्टा करायचे. एकदा माझ्या सुरीचं पातं त्याच्या तळव्यात खोल गेलं. आम्ही दोघं जखमेकडे बघत उभे राहिलो. तिच्यातून पाणी येत होतं.

मी त्याला डॉक्टर वेसेलकडे ओढत नेलं. वेसेलकडे रक्त तपासायचा कागद असायचा. कानाची पाळी टोचायची, थेंब टिपायचा आणि छापील लाल छटांशी ताडून बघायचा. त्यानं टोचलं, टिपलं. कागद ओला झाला, लाल झाला नाही. त्यानं दुसरा कान टोचला. मग कागद चुरगाळला आणि माझ्यावरच खेकसला, जसा काही मीच हातचलाखी केली होती.

राग ओसरल्यावर त्यानं समजावलं. रक्ताला लाल करतं ते हिमोग्लोबिन. त्यात लोह असतं. फुप्फुसातला प्राणवायू ते हमालासारखं पाठीवर घेतं आणि अंगभर पोचवतं. देवमासा, कुत्रा, माणूस, सगळ्यांना हाच हमाल. त्या पांढऱ्या माशाकडे तो नाही. गोठायला आलेल्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून त्याचं पातळ रक्तावर भागतं. पाणी कोमट झालं की तो गुदमरून मरतो.

"माशाचं भागतं. माणसाचं नाही," वेसेल म्हणाला. "तुझा मेहुणा मेलेला असायला हवा."

"मग तसं लिहा आणि त्याला घरी पाठवा."

"आणि कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

त्यानं लिहिलं, अशक्तपणा, मांस खावं. भेकड लेकाचा.

तेलाची पिंपं घेऊन जहाज निघायचं होतं. हंगाम संपल्याशिवाय कुणी जाणार नाही, असं फोगनरनं सुनावलं. मी सोलायची सुरी त्याच्या टेबलावर आडवी ठेवली आणि सांगितलं की आजपासून एक पट्टा सोलला जाणार नाही. माझ्यामागे दारात सगळे सोलणारे उभे होते. आम्हा दोघांना जहाजावर जागा मिळाली.

आजारी माणसाला घरी नेताना आमच्यात त्याला इंजिनघराच्या भिंतीला लागून बिछाना देतात. जहाजातली सगळ्यात उबदार, मानाची जागा. खलाशांनी ती न मागता दिली. हाल्वर तिथं टिकेना. डेकवर जाऊन अंगावर पाण्याचे फवारे घ्यायचा आणि खूश असायचा.

पण जहाज उत्तरेला सरकत गेलं आणि वारा कोमट झाला. त्याचा श्वास तोकडा पडू लागला. तो कठड्याला बिलगून बसायचा.

"आयलर्ट, मला खाली सोड," तो म्हणाला. "खाली खोल गार आहे. मी जाईन घरी."

"आणि रान्दीला काय सांगू? समुद्रात टाकला म्हणून?"

"जाईन म्हणतोय ना."

मी चिडलो. त्याच्यावर, फोगनरवर, वेसेलच्या त्या माशावर. हाल्वर मासा नव्हता, माझ्या बहिणीचा नवरा होता. खलाशीही म्हणाले, तापात बरळतोय. आम्ही त्याला उचलून त्या उबदार बिछान्यावर नेलं आणि दोरानं हात बांधले. त्यानं मनगटं सोलवटून घेतली. सोललेल्या जागी पाणी झिरपत होतं.

विषुववृत्तापाशी समुद्र तेलासारखा पडून होता. हाल्वरला बोलता येईना.

त्याचं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं.

मी दोर कापले. खांद्यावर टाकून त्याला डेकवर आणलं. कुणीही मला अडवलं नाही.

कठड्यावरून सोडला तेव्हा आवाज झाला नाही. तो तरंगला नाही, बुडालाही नाही. डोकं खाली करून, पाय जुळवून, तो सरळ खोल निघून गेला.

सांडेफ्योर्डला जहाज लागलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मी उतरलो आणि कुणाशीही न बोलता रान्दीचं घर गाठलं. काय सांगायचं ते वाटेत घोकत होतो. फोगनरला शिव्या देणार होतो, तिच्या पाया पडणार होतो. मे महिन्याचं ऊन पडलं होतं.

तिनं दार उघडलं. अंगावर लोकरी कोट, डोक्याला शाल, बोटं निळी पडलेली. आत शेगडी विझवून, राख काढून, घासून ठेवली होती. समुद्राकडच्या सावलीतल्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"रान्दी," मी म्हणालो, "हाल्वर..."

"हळू बोल. आणि दार लाव आधी, ऊब आत येतेय."

मी दार लावलं. ती माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"त्याला बांधलंस कशाला?" ती म्हणाली. "मनगटं बघ जाऊन त्याची."