कडेनं चालणारी सायकल

पिटुकलीची सायकल पुन्हा डुगडुगू लागली आणि ती मुकाट्यानं खाली उतरली. मागचं चाक पार बसलं होतं. सुट्टी लागल्यापासून रस्त्यावरच्या तीन सरावांत हे तिसरं पंक्चर.

"परत?" पुढं गेलेला तिचा भाऊ वळून आला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. "तू काय खिळे शोधत शोधत चालवतेस का गं?"

पिटुकली वाकून चाक चाचपू लागली. सायकल शिकून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. पुढच्या रविवारी आत्या सगळ्या मुलांना घेऊन धरणापर्यंत जाणार होती. दिवसभराचा पल्ला, वाटेत दोन मोठे चढ. त्यासाठी पिटुकली रोज संध्याकाळी अंगणात गोल गोल चकरा मारत होती. पाय भरून यायचे, पण ती तक्रार करत नव्हती.

घरी आल्यावर आत्यानं चाक पाहिलं. "हे बघ राजा, तू खड्डे चुकवत नाहीस. आडरानात चाक बसलं तर तुझ्यासाठी सगळे अडकून पडतील. शनिवारी नदीच्या पुलापर्यंत जाऊन नीट परत आलीस तर चल. नाहीतर पुढच्या वर्षी."

पिटुकलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती सायकल घेऊन थेट काटकीकडे गेली.

काटकी म्हणजे शेजारची मैत्रीण. तिच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि काहीही उघडून बघायची सवय तिला तिथंच लागली होती. तिनं टायर उतरवला, कापसाचा बोळा घेतला आणि आतल्या बाजूनं हळूहळू फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिनं चिमट्यानं ओढलं, तर बाहेर आली लोखंडाची वेटोळं झालेली, पातळ, धारदार पट्टी.

"हा खिळा नाही," काटकी म्हणाली. "हा लोखंडाचा किस आहे. कारखान्यात लोखंड कातलं की असा निघतो."

"पण मग मला का नाही लागत?" भोंग्यानं विचारलं. तोही मागोमाग आला होता.

पिटुकली विचारात पडली. "तू रस्त्याच्या मधून जातोस, दादा. मी कडेनं जाते. आत्यानंच सांगितलंय, नवशिक्यानं कड सोडायची नाही."

"आणि गाड्यांच्या वाऱ्यानं कचरा कडेलाच जमतो," काटकी म्हणाली.

भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "म्हणजे तू सांगितलेलं ऐकतेस म्हणून तुझं चाक बसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटकीनं फुटक्या लाउडस्पीकरमधलं जाडजूड लोहचुंबक आणलं. ते दोरीनं सायकलीमागे बांधून तिघं रस्त्यानं निघाले. गावाकडून पुलाकडं जाताना सुरुवातीला चुंबकाला कुठंच काही लागत नव्हतं. वाटेतल्या कारखान्याच्या फाटकापासून पुढं मात्र त्याला किसाची दाढी फुटली.

मुलं चुंबक दाखवायला आत गेली, तेव्हा कारखान्याचे मालक टेबलावर पाय टाकून चहा पीत होते. "आमचा माल? शक्यच नाही. टेम्पोवर ताडपत्री टाकल्याशिवाय तो फाटकाबाहेर पडत नाही. जा, खेळा जाऊन."

"बरोबर आहे, काका," भोंगा म्हणाला. "आम्ही सगळ्यांना तसंच सांगतो. पण कुणी विचारलं, तुम्ही पाहिलंत का, तर काय सांगायचं?"

"सांगा, मालकांनी स्वतः दाखवलं," ते ऐटीत म्हणाले.

"मग दाखवा ना," पिटुकली म्हणाली. इतकं धिटाईनं आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

मालक तावातावानं उठले. किस भरलेला टेम्पो फाटकाशी उभाच होता. तो निघण्याआधी मुलांनी फाटकापुढचा रस्ता तिथल्या गतिरोधकाच्या पलीकडपर्यंत चुंबकानं चाळून घेतला आणि चुंबक मालकांसमोर पुसून लख्ख केलं. टेम्पो निघाला आणि गतिरोधकावर दणका खाऊन थोडा पुढं जाऊन थांबला. ताडपत्री जागची हलली नव्हती.

"झालं समाधान?" मालक म्हणाले.

पिटुकली सायकलवर बसली आणि चुंबक ओढत गतिरोधकापलीकडे जाऊन आली. चुंबक किसानं माखलं होतं. मालकांनी टेम्पो मागं घ्यायला लावला आणि वाकून खाली पाहिलं. मागच्या कोपऱ्यात पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं.

"वरून झाकलं, पण खालून बघितलंच नाही," मालक पुटपुटले. ड्रायव्हरनं मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत भोकावर पत्रा जोडला गेला, आणि चार कामगार झाडू घेऊन पुलापर्यंतचा रस्ता झाडत गेले. मालक स्वतः मुलांच्या घरी आले. "मी हसण्यावारी नेलं. या रस्त्यानं किती मुलं शाळेत जातात, हे तुमच्या पोरांनी माझ्या लक्षात आणून दिलं," ते आत्याला म्हणाले.

शनिवारी पिटुकली पुलापर्यंत गेली आणि आली. कडेनं, न थांबता. शेवटच्या चढाला तिचा श्वास फुलला, पण पाय पेडलवरून खाली आला नाही.

आत्या दारातच उभी होती. तिनं पिटुकलीच्या हातातून सायकल घेऊन भिंतीला टेकवली. "चूक तुझी नव्हती, आणि मी विचारलंसुद्धा नाही. शाबास, तिघांनाही. तुम्ही रस्ता साफ केलात."

रविवारी उजाडता उजाडता सगळे निघाले. आत्यानं रांग लावली. भोंगा सवयीनं पुढं जाऊन उभा राहिला.

"तू मागं," आत्या म्हणाली. "पिटुकली, तू पुढं हो. आज सगळ्यांनी तुझ्या वेगानं यायचं."

पिटुकलीनं एकदा मागं वळून पाहिलं. काटकीनं मान हलवली. मग तिनं पेडलवर जोर दिला आणि तिच्यामागून सगळी रांग हलली.