चंद्रावरून आलेली नक्षी

"चंद्रावरून फाइल आली आहे. उघडतो," असं सोनबाने अदबीने जाहीर केलं आणि तो सुईदोरा घेऊन शिवायला बसला.

कावेरीने तोंड फिरवलं. महिनाभर हे असंच चाललं होतं. तिची आई चंद्रावरच्या तळावर मातीतून पाणी काढण्याच्या कामावर गेली होती आणि कावेरी आंबेघरला आजोबा आणि तन्वी मावशीकडे राहत होती. तळावरून थेट फोन लागत नसे. फाइल (एका नावाखाली जपून ठेवलेली माहिती) तेवढी पाठवता येई. ती आली की सोनबा हा घरातला यंत्रमानव कापडावर वेड्यावाकड्या टाक्यांची लांबलचक रांग उमटवायचा. मावशीचा धंदा गोधड्यांचा. ताईने, म्हणजे कावेरीच्या आईने, हौसेने नक्षी पाठवली, म्हणून ती बिचारी प्रत्येक तुकडा घडी घालून ठेवायची. पण "चंद्रावर हिला हे असलं कोण शिकवतंय गं?" असं पुटपुटल्याशिवाय तिला राहवत नसे. ऑर्डरच्या घाईत ताईला उत्तर पाठवणं मात्र राहूनच जाई.

कावेरीला मात्र हसू येत नव्हतं. आई निघाली त्या सकाळी कावेरी रुसून बसली होती, तिने खोलीचं दारही उघडलं नव्हतं. आता आई मावशीला नक्षी पाठवते आणि आपल्याला एक शब्द नाही, म्हणजे तिने अबोला धरला, हे कावेरीने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मग आपण तरी आधी का बोलायचं? हट्टाच्या बाबतीत मायलेकी एकीपेक्षा एक वरचढ होत्या.

आजोबा आयुष्यभर संगणकाच्या प्रयोगशाळेत राबलेले शास्त्रज्ञ. पण निवृत्त झाल्यापासून त्यांचा जीव रमायचा तो गावच्या जत्रेच्या बैठकीत. गोधड्यांच्या पसाऱ्यात ते कधी लक्ष घालत नसत. त्या दुपारी बैठकीहून आल्यावर त्यांना चष्मा पुसायला चिंधी हवी होती, म्हणून त्यांनी सोनबाजवळचा एक तुकडा उचलला. चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि मग ते त्या तुकड्याकडे बघतच राहिले.

"कावेरी, इकडे ये. हे टाके बघ. वर-खाली, वर-खाली, आणि इथे?"

"इथे सरळ रेघ आहे."

"पुन्हा वर-खाली. पुन्हा छोटीशी सरळ रेघ. काय गं, बोलताना आपण मध्येच श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा काय ऐकू येतं?"

"काहीच नाही," कावेरी म्हणाली, आणि तिने तो तुकडा त्यांच्या हातातून ओढून घेतला. "आजोबा, हे कोणीतरी बोलतंय?"

आजोबांनी सोनबाला थांबायला सांगितलं. शिवताना कापडाआड जाणाऱ्या त्याच्या छातीवरच्या पडद्यावर आलेल्या फाइलचं नाव होतं: कावेरीसाठी.आवाज

"टिंबाच्या पुढे आहे ना, त्याला एक्स्टेंशन म्हणतात (फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी शेवटची अक्षरं). फाइलचं आडनावच म्हण. फाइलच्या पोटात असतात नुसते आकडे. त्या आकड्यांचं काय करायचं, ते ठरवतो प्रोग्रॅम (संगणकाला कामाची रीत सांगणाऱ्या आज्ञा). 'श्रोता' नावाचा प्रोग्रॅम तेच आकडे घेऊन आवाज काढेल. तन्वीचा 'टाकादोरा' प्रोग्रॅम तेच आकडे घेऊन विचारेल, पुढचा टाका किती उंच घालू?"

"पण सोनबाने टाकादोराच का निवडला?"

"आता जत्रेचं बघ. पालखीला पहिला खांदा जगदाळ्यांचा, दिवटी शेलारांची. दरवर्षी कोणी विचारत बसत नाही, मान ठरलेला असतो. संगणकसुद्धा प्रत्येक प्रकारच्या फाइलचा मानकरी ठरवून ठेवतो. त्याला डीफॉल्ट प्रोग्रॅम म्हणतात (वेगळं काही सांगितलं नाही तर आपोआप पुढे येणारा). आवाजाचा मान श्रोत्याचा होता. तो टाकादोऱ्याला कोणी दिला, ते मात्र शोधायला हवं."

दारात उभी राहून ऐकणाऱ्या तन्वी मावशीचा चेहरा पडला. "बाबा, मी तो नवा प्रोग्रॅम सोनबात घातला, तेव्हा त्याने काहीतरी विचारलं होतं. सगळ्या फायली मीच उघडू का, असं काहीसं. ऑर्डरची घाई होती. मी न वाचताच 'हो' दाबलं."

"झालं! गावात आलेल्या पाहुण्याच्या हाती सगळे मान देऊन मोकळी झालीस!"

"म्हणजे आईचं बोलणं गेलं?" कावेरीने विचारलं. "सोनबाने ते शिवून संपवलं?"

"नाही गं राणी." आजोबांनी तिला जवळ ओढलं. "चुकीच्या माणसाने पत्र वाचलं, म्हणून पत्रातली अक्षरं पुसली जात नाहीत. सगळ्या फायली जशाच्या तशा आहेत. मानकरी तेवढा बदलायचा. चल, तूच बदल."

कावेरीने त्या नावावर बोट दाबून धरलं. "आडनावच बदलू का?"

"आडनाव बदलून माणूस बदलत नाही. पोटातले आकडे तेच राहतील. नावाला हात लावू नकोस, 'कशाने उघडू' असं लिहिलंय तिथे जा."

तिथे दोन्ही प्रोग्रॅमांची नावं होती. तिने श्रोत्यावर बोट ठेवलं. खाली पुन्हा प्रश्न आला: फक्त या वेळी, की नेहमी? मावशीची फजिती ताजी होती, त्यामुळे कावेरीने दोनदा वाचलं आणि 'नेहमी' दाबलं.

सोनबाने सुई खाली ठेवली.

"कावे," आई म्हणाली.

आईचा आवाज पुढे येत राहिला. "किती निरोप पाठवले, तुझं उत्तर नाही. तुझा राग गेलेला नाही, हो ना? दाराबाहेर मी किती वेळ उभी होते, तुला माहीत नाही. माझ्या आवाजानेही तुला त्रास होत असेल, तर यापुढे मी पाठवणार नाही. आजही उत्तर आलं नाही, तर मी समजून घेईन. जेवत जा नीट."

कावेरीला रडू आवरेना. मावशीही पदरात तोंड खुपसून रडत होती. आजोबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला, पण या वेळी त्यांनी रुमाल वापरला.

"सोनबा, माझा आवाज घे," कावेरी हुंदके देतच म्हणाली. "आई, मी नाही रागावले. मला वाटलं तूच रागावलीस. आम्ही तुझं बोलणं कापडावर शिवत होतो, ते मग सांगते. तू बंद नको करूस. मी त्या दिवशी दार उघडायला हवं होतं. आणि ही फाइल श्रोत्यानेच उघड हं!"

"गेली," सोनबा म्हणाला.

"सव्वा सेकंदात चंद्रावर," आजोबा म्हणाले.

वाट बघताना कावेरीने नाक पुसलं. "आजोबा, मोठी झाले की मी एक प्रोग्रॅम लिहिणार. दुसऱ्याचा मान घेण्याआधी तो स्पष्ट सांगेल, की आजपासून तुझ्या आईचा आवाज मी शिवणार आहे, चालेल का?"

"लिही. जगाला त्याची फार गरज आहे," आजोबा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

तेवढ्यात सोनबाच्या पडद्यावर दिवा लागला. चंद्रावरून फाइल आली होती. तिच्यात आधी बराच वेळ नुसतं आईचं रडणं होतं, आणि कावेरीने त्यातला एक हुंदकाही चुकू दिला नाही.